ग्रानादाला पहिल्यांदा जाताय? व्हिसापासून मध्यरात्रीपर्यंतचा क्रम

स्पेनला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक बार्सेलोना आणि माद्रिद करतात आणि ग्रानादाच्या वाट्याला जेमतेम एक दुपार ठेवतात. किनाऱ्यावरच्या मालागाहून सकाळची बस, अल्हाम्ब्रा हा टेकडीवरचा किल्ला-राजवाडा, फोटो, संध्याकाळी परत. मी या शहरात शिकायला राहिले, नंतर घरच्यांना आणि मैत्रिणींना तिथे हाताला धरून फिरवलं. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: ग्रानादा संध्याकाळी सातनंतर जागं होतं. तुमची परतीची बस त्याआधी सुटणार असेल, तर शहराचा सगळ्यात चांगला भाग तुम्ही बघणारच नाही.

सिएरा नेवादाच्या पायथ्याशी वसलेलं हे अंदालुसियातलं शहर तसं लहान आहे, वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास. विद्यापीठ १५३१ सालचं. इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून युरोपभरातले विद्यार्थी इथे येतात, त्यामुळे परका चेहरा, मोडकं स्पॅनिश, नकाशा हातात धरून उभा असलेला माणूस याचं कुणाला काही वाटत नाही. खाणंपिणंही स्पेनच्या मोठ्या शहरांपेक्षा स्वस्त आहे. फक्त पहिल्या दिवशी गोंधळ उडतो, कारण इथल्या वेळा वेगळ्या आणि रीतही वेगळी. तो गोंधळ टाळण्यासाठी हा क्रम.

१. किती दिवस आणि कोणता महिना

किमान तीन रात्री ठेवा. एक दिवस अल्हाम्ब्राला, एक आल्बाइसिन आणि साक्रोमोन्ते या टेकड्यांवरच्या जुन्या वस्त्यांना, आणि एक काहीही न ठरवता.

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा ३५ च्या वर जातो, कधी चाळिशी गाठतो. शिवाय ऑगस्टमध्ये स्थानिकांचे आवडते बार सुट्टीसाठी बंद असतात आणि पर्यटकांसाठीचे तेवढे उघडे. हिवाळा मला स्वतःला फार आवडतो. हवा कोरडी, आकाश निळंशार आणि मागे बर्फाने झाकलेलं मुलासेन शिखर, ३,४७९ मीटर उंच. मात्र रात्री थंडी कडक असते आणि जुन्या घरांत ऊब कमी, तेव्हा स्वेटर नव्हे, जाड जाकीट न्या.

सणांचा अंदाज घेऊन जा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात आणि खोल्यांचे भाव चढतात. ३ मे च्या सुमारास चौकाचौकांत कार्नेशनच्या फुलांचे क्रूस उभारतात, ते बघायला जरूर जा. कॉर्पस क्रिस्तीची जत्रा मे अखेर किंवा जूनमध्ये येते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी लोक संत सेसिलिओच्या यात्रेला साक्रोमोन्तेच्या मठाकडे चढून जातात आणि तिथे सालाइया नावाची खारी चपटी भाकरी आणि ओल्या बियांच्या शेंगा वाटतात. पर्यटक त्या दिवशी तिथे क्वचित दिसतो.

२. विमानाच्या आधी अल्हाम्ब्राचं तिकीट बघा

हा क्रम उलटा वाटेल, पण तोच बरोबर आहे. रोज किती माणसं आत सोडायची याला मर्यादा असल्यामुळे वसंतात तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. तारीख मिळाली की मग बाकीचा प्रवास त्याभोवती लावा.

तिकीट अल्हाम्ब्राच्या पात्रोनातोच्या, म्हणजे व्यवस्थापन मंडळाच्या, अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोध घेतला की आधी दलालांची पानं दिसतात, तिथे तेच तिकीट चढ्या भावात विकलं जातं. घेताना तीन गोष्टी नीट बघा.

पहिली, तिकिटाचा प्रकार. 'जनरल' तिकिटात नास्रीद या इथल्या शेवटच्या मुस्लिम घराण्याचे राजवाडे, आल्कासाबा किल्ला आणि हेनेरालिफेच्या बागा असं सगळं येतं. दुसरं एक स्वस्त तिकीट बागा आणि किल्ल्याचं असतं, त्यात राजवाडे नसतात. घाईत तेच घेतलं जातं आणि दारात गेल्यावर कळतं की बारा संगमरवरी सिंहांचं अंगण बघायलाच मिळणार नाही.

दुसरी, वेळ. तिकिटावर छापलेली वेळ ही नास्रीद राजवाड्यांच्या दाराची वेळ असते, मुख्य फाटकाची नव्हे. मुख्य फाटकापासून तिथवर चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. हेनेरालिफे अगदी दुसऱ्या टोकाला आहे. मोबाइलवर तिकीट असेल तर पुएर्ता दे ला हुस्तिसिया या दरवाजातून थेट आत जाता येतं, तो रस्ता जवळचा.

तिसरी, पासपोर्ट. तिकीट नावावर असतं आणि पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेलं असतं. आत एकापेक्षा जास्त ठिकाणी मूळ पासपोर्ट मागतात, फोटोकॉपीवर विसंबू नका. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते तिकिटाच्या आधी उरका. बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांच्या नावाचंही तिकीट काढावंच लागतं.

व्हिसा हातात नसताना पैसे घालायला मन धजत नाही, हे मी समजू शकते. पण विमानाच्या मानाने ही रक्कम लहान आहे आणि मी तो धोका पत्करते. तारीख बदलून मिळेल या भरवशावर मात्र राहू नका.

तिकीट मिळालंच नाही तर? रात्रीच्या भेटीचं वेगळं तिकीट असतं, ते तपासा. तेही नसेल तर पाचव्या कार्लोसचा राजवाडा, त्यातलं अल्हाम्ब्रा संग्रहालय आणि आतला मुख्य रस्ता यांच्यासाठी अल्हाम्ब्राचं तिकीट लागत नाही. प्लासा नुएवापासून कुएस्ता दे गोमेरेसच्या झाडीतून चढून गेलात तरी संध्याकाळ सार्थकी लागते.

३. व्हिसा आणि कागदपत्रं

स्पेनला शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा. भारतात स्पेनचे अर्ज बीएलएस या कंपनीच्या केंद्रांत घेतले जातात. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. पंधरा दिवस हे कागदावरचं बोलणं झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. 'तारीख मिळवून देतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

लागणाऱ्या गोष्टी:

- गेल्या दहा वर्षांत दिलेला पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं. जुने पासपोर्टही सोबत.
- भरून सही केलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे ताजे फोटो.
- किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवासी आरोग्य विमा.
- जाण्यायेण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा.
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह.
- आयकर विवरणपत्रं. नोकरी असेल तर पगाराच्या पावत्या आणि रजेचं पत्र, व्यवसाय असेल तर नोंदणीची कागदपत्रं, विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र.
- दिवसवार कार्यक्रम लिहिलेलं साधं कव्हरिंग लेटर.

मोठ्यांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो, तेवढे रुपये, वर केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज भरण्याआधी केंद्राच्या संकेतस्थळावरची ताजी यादी एकदा पडताळून घ्या.

इथे एक फसगत नेहमी होते. ज्या देशात तुमच्या सगळ्यात जास्त रात्री आहेत, अर्ज त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. पॅरिसला पाच रात्री आणि स्पेनला चार असतील तर स्पेनकडे अर्ज करू नका. आणि खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरलेली दिसली की प्रश्न येतात.

४. पोहोचायचं कसं, उतरायचं कुठे

मुंबईहून आखाती देशांतून किंवा इस्तंबूलमार्गे माद्रिदला उतरणं सर्वात सोपं. माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून ग्रानादाला वेगवान रेल्वे जाते, थेट गाडीने साडेतीन तासांच्या आसपास. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. बस पाच तास घेते, पण भाडं कमी आणि विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलवरूनही काही थेट बसेस सुटतात, त्यामुळे रात्रभर प्रवास करून आलेल्यांना तीच बरी. मालागाला उतरलात तर तिथून ग्रानादा बसने दोन तासांच्या आसपास.

भाड्याच्या गाडीचा मोह टाळा. जुन्या शहराचे रस्ते कॅमेऱ्यांच्या नजरेखाली आहेत, परवानगी नसलेली गाडी आत शिरली की दंड लागतो आणि पावती घरी परतल्यावर कार्डावरून वसूल होते. आतल्या हॉटेलात राहणार असाल तर गाडीचा क्रमांक त्यांना आधी कळवावा लागतो.

मुक्कामासाठी तीन भाग डोक्यात ठेवा. आल्बाइसिन सर्वात देखणा, पण गोट्यांची चढाची गल्ली आणि चाकांची बॅग यांचं जमत नाही. आईवडील सोबत असतील किंवा सामान जड असेल तर तिथे खोली घेऊ नका. प्लासा नुएवाच्या आसपास सगळं हाताशी, पण रात्री आवाज. माझी पसंती रेआलेखोला, जुन्या यहुदी वस्तीच्या भागाला. कांपो देल प्रिन्सिपेच्या चौकात संध्याकाळी मुलं खेळत असतात, आजोबा बाकावर, आईबाप शेजारच्या टेबलावर. शहराशी ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

चढ चढायचा नसेल तर लाल रंगाच्या छोट्या बसेस आहेत. सी-३० आणि सी-३२ अल्हाम्ब्राला, सी-३१ आल्बाइसिनला, सी-३४ साक्रोमोन्तेला. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

५. घड्याळ नव्याने लावा

सकाळी नऊ-दहाला नाश्ता: भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, सोबत दुधाची कॉफी. दुपारचं जेवण दोन ते चार. त्यानंतर छोटी दुकानं पाच-साडेपाचपर्यंत बंद. रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. जूनमध्ये सूर्यच साडेनऊनंतर मावळतो.

आपण सात वाजता भुकेने रेस्टॉरंट शोधायला निघतो आणि किचन बंद असतं. मग जे उघडं सापडतं ते पर्यटकांसाठी थाटलेलं, महाग आणि बेचव. त्यापेक्षा दुपारचं जेवण भरपेट घ्या. 'मेनू देल दिआ' म्हणून ठरावीक किमतीत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड असं कामाच्या दिवशी दुपारी मिळतं. मग झोपा. खरंच झोपा, नाहीतर रात्र निभणार नाही.

उठल्यावर सहा-सातला आल्बाइसिन चढा. १४९२ च्या २ जानेवारीला शेवटचा नास्रीद सुलतान बोआब्दिल याने शहर स्पेनचे कॅथलिक राणी-राजा इसाबेल आणि फेर्नान्दो यांच्या हवाली केलं, पण या टेकडीवरच्या गल्ल्यांचा आराखडा अजून त्याआधीचाच आहे. अल्हाम्ब्रा आणि हेनेरालिफे १९८४ साली जागतिक वारशाच्या यादीत आले आणि आल्बाइसिन १९९४ साली. उंच भिंतींआडच्या बागेसह असलेल्या घरांना इथे 'कारमेन' म्हणतात. भिंतीवरून डोकावणारी जाई आणि डाळिंब दिसतात, घर दिसत नाही.

सूर्यास्ताला सगळे मिरादोर दे सान निकोलासवर जमतात; मिरादोर म्हणजे उंचावरून दृश्य बघायची जागा. समोर अल्हाम्ब्रा, मागे डोंगर, गिटार वाजवणारी पोरं. गर्दी नको असेल तर अगदी शेजारीच २००३ साली उघडलेली मशीद आहे, तिची बाग लोकांना खुली असते. दृश्य तेच, आणि कारंज्याचा आवाज ऐकू येतो. कपडे अंगभर असावेत, आवाज खाली.

उतरताना काय्ये काल्देरेरिया नुएवा या चहाच्या दुकानांच्या गल्लीतून या. पुदिन्याचा चहा, बदामाची मिठाई, खाली बसायला गाद्या. इथल्या बहुतेक 'तेतेरियां'त दारू मिळत नाही, त्यामुळे न पिणाऱ्यांची संध्याकाळही छान जाते.

६. तापास: खायचं मागू नका, प्यायचं मागा

ग्रानादाची ही सगळ्यात मोठी मजा आणि नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ. इथे पेय मागवलं की सोबत खाण्याची बशी येते, तिचे पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या चकण्याच्या हे फार पुढचं आहे: तळलेले मासे, मीटबॉल, बटाट्याचं ऑम्लेट, छोटं बर्गर, भात, डाळीसारखं काही. दुसरं पेय घेतलं की वेगळी बशी, तिसऱ्याला आणखी वेगळी, आणि चांगल्या बारमध्ये ती उत्तरोत्तर चांगली होत जाते. तीन पेयांत रात्रीचं जेवण झालेलं असतं.

रीत अशी. आत जाऊन थेट काउंटरशी उभे राहा. 'ब्वेनास' म्हणा, हा दिवसभर चालणारा नमस्कार. मग पेय सांगा. 'कान्या' म्हणजे लहान ग्लास बिअर, 'तिंतो दे वेरानो' म्हणजे लाल वाइन आणि लेमन सोडा, 'मोस्तो' म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस. कोकाकोला, मोस्तो, बिनअल्कोहोलची बिअर यांच्यासोबतही बहुतेक ठिकाणी बशी येते, म्हणून न पिणाऱ्यांनी मागे राहू नये. कॉफीसोबत येत नाही. एक पेय साधारण अडीच ते साडेतीन युरोला पडतं.

मग थांबा. मेनूकार्डावर बोट ठेवून 'तापास' मागितलेत तर ती 'रासिओन' किंवा अर्धी 'मेदिया रासिओन' समजली जाते, म्हणजे विकतची मोठी ताटली. चार जणांनी पहिल्यांदाच चार रासिओन मागवल्या की अन्न वाया जातं आणि बिल फुगतं. आधी दोन पेयं होऊ द्या, पोट काय म्हणतंय ते बघा.

एका बारमध्ये मुक्काम ठोकू नका. एक-दोन पेयं, पुढचा बार. काय्ये नावास ही सर्वात प्रसिद्ध गल्ली आणि तिथलं लोस दियामान्तेस तळलेल्या माशांसाठी नावाजलेलं आहे. बोदेगास कास्तान्येदामध्ये भिंतीवर पिंपं रचलेली आणि छताला हॅम टांगलेले, तिथे व्हर्मुथ, म्हणजे वनौषधींचा स्वाद दिलेली वाइन, घ्या. पण एकदा तरी या दोन्ही ठिकाणांपासून दूर, विद्यार्थ्यांच्या भागात किंवा आल्बाइसिनमधल्या प्लासा लार्गाच्या आसपास जा. तिथल्या बश्या मोठ्या असतात.

बारवाला हसत नसेल, तुटक बोलत असेल तर मनाला लावून घेऊ नका. या कोरड्या बोलण्याला ग्रानादाचे लोक स्वतःच 'मालाफोया' म्हणतात आणि तो शहराचा स्वभाव मानतात. दुसऱ्या दिवशी त्याच बारमध्ये गेलात की न विचारता तुमचं कालचं पेय पुढे येतं. माझ्या आईला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, तरी तिसऱ्या संध्याकाळी काउंटरपलीकडून तिच्यासाठी वेगळी, बिनमांसाची बशी निघाली होती. इथलं आदरातिथ्य असं कामातून दिसतं.

पाणी नळाचं प्या, ते डोंगरातून येतं आणि चवीला चांगलं आहे. २०२२ च्या कायद्याप्रमाणे स्पेनमधल्या खानावळींना नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा, नाहीतर बाटली येते. टिप बंधनकारक नाही, सुटे ठेवले तरी पुरे. कार्डाने पैसे देताना मशीन रुपये की युरो विचारतं, नेहमी युरो निवडा.

७. शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा

उपाशी राहणार नाही, पण बोलावं लागेल. नुसतं 'वेखेतारिआनो' म्हटल्याने भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी हॅम आणि टूना हे 'मांस' नाहीत. पूर्ण वाक्य पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन.' मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही. आणि हे पेय मागवतानाच सांगा. बशी आल्यावर सांगितलंत तर ती परत जाईल, पण दुसरी मिळेलच असं नाही.

निर्धास्त खाण्यासारखं: गास्पाचो, थंडगार टोमॅटोचं सार. आखोब्लांको, बदाम-लसणाचं पांढरं थंड सूप, वर द्राक्षं. 'पापास आ लो पोब्रे', ऑलिव्ह तेलात कांदा-मिरचीसोबत मुरवलेले बटाटे. आणि माझा सगळ्यात आवडता पदार्थ, 'बेरेन्खेनास कोन मिएल दे कान्या': वांग्याच्या पातळ कुरकुरीत कापांवर उसाची काकवी. होय, काकवीच. ऊस आपल्या उपखंडातून इराणमार्गे अरबांसोबत इथे पोहोचला आणि ग्रानादाच्या मोत्रिल किनाऱ्यावर अगदी या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पिकत होता. कोल्हापूरकराने तो पदार्थ खाल्ला की प्रश्नच विचारत नाही, दुसरी प्लेट मागवतो.

सावध राहावं असं: साल्मोरेखो हे टोमॅटोचं थंड सार दाट आणि छान असतं, पण वर हॅमचे तुकडे आणि अंडं घालतात, 'सिन खामोन' सांगा. क्रोकेता या तळलेल्या वड्यांमध्ये बहुधा हॅम. रशियन सॅलडमध्ये टूना. हरभऱ्याच्या किंवा मसुराच्या रश्शात सॉसेज. 'रेमोखोन' हे संत्र्याचं सॅलड दिसतं निरागस, त्यात खारवलेला कॉड मासा असतो. बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये अंडं आहेच. गोडात 'मान्तेका' शब्द दिसला तर ती डुकराची चरबी, लोणी म्हणजे 'मान्तेकिया'. नाताळातल्या पोल्व्होरोन या मिठाईत परंपरेने डुकराची चरबीच असते.

मांसाहारींसाठीही एक सूचना. साध्या 'तोर्तिया'ऐवजी 'तोर्तिया देल साक्रोमोन्ते' मागवलीत तर त्यात पारंपरिक पद्धतीने मेंदू आणि इतर अवयव असतात. आवडत असेल तर जरूर खा, न कळता मागवू नका. त्रेवेलेस या डोंगरातल्या गावचा हॅम मात्र पहिल्याच दिवशी चाखा.

८. साक्रोमोन्तेच्या गुहांमध्ये फ्लामेंको

फ्लामेंको म्हणजे अंदालुसियाचं गिटार, गाणं आणि नाच. आल्बाइसिनच्या पुढची टेकडी साक्रोमोन्तेची. तिच्या कड्यात खोदलेल्या, चुन्याने रंगवलेल्या गुहांमध्ये हितानो म्हणजे रोमा कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. या लोकांचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वी भारतीय उपखंडाच्या वायव्येकडून निघाले, स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ सालची. १९६३ च्या सुमाराच्या अतिवृष्टीत गुहा ढासळल्या आणि बऱ्याच कुटुंबांना टेकडी सोडावी लागली. हे माहीत असलं की नाच वेगळा दिसतो.

इथल्या खास प्रकाराला 'साम्ब्रा' म्हणतात. लग्नाच्या विधीतून आलेले तीन नाच त्यात असतात: आल्बोरेआ, काचूचा आणि मोस्का. गुहा अरुंद, भिंतीला खुर्च्या लावलेल्या, नाचणारीच्या घोळाचा वारा तुमच्या गुडघ्यांना लागतो. तिकीट पेयासह साधारण २५ ते ३५ युरो. बसमधून नेऊन आणणारं, जेवणासह पॅकेज घेऊ नका, जेवण सुमार असतं. रात्री उशिराचा प्रयोग निवडा, तेव्हा कलाकारही मोकळे झालेले असतात.

दिखाऊपणा नकोच असेल तर आल्बाइसिनमधला 'पेन्या ला प्लातेरिया' हा १९४९ साली स्थापन झालेला फ्लामेंको रसिकांचा क्लब बघा. बाहेरच्यांना प्रवेश असलेले कार्यक्रम ते जाहीर करतात. तिथे श्रोते जाणकार असतात, आपल्या बैठकीत असतात तसे, आणि दाद नेमक्या जागी जाते. म्हणून टाळ्यांचा ताल धरू नका. त्या टाळ्या हे एक वाद्य आहे आणि चुकलेली टाळी नाचणारीच्या पायात येते. गाणं चालू असताना मोबाइल खाली ठेवा.

या शहरात फ्लामेंकोला मान आहे त्यामागे इतिहास आहे. जून १९२२ मध्ये संगीतकार मानुएल दे फाया आणि तेव्हा चोवीस वर्षांचा कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी मित्रांसह अल्हाम्ब्राच्या प्रांगणात 'कान्ते होन्दो'ची, म्हणजे खोल गळ्याच्या जुन्या गाण्याची, स्पर्धा भरवली. तळागाळातलं म्हणून हिणवलं जाणारं गाणं त्यांनी राजवाड्यात आणलं. पुढे १९३६ च्या ऑगस्टमध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, लोर्काला ग्रानादाजवळ गोळ्या घालण्यात आल्या. त्याचा मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. त्याच्या कुटुंबाचं उन्हाळी घर, उएर्ता दे सान विसेन्ते, आता त्याच्याच नावाच्या बागेत संग्रहालय म्हणून उभं आहे. एक सकाळ त्याला द्या.

९. रात्र कशी चढते

आठ ते दहा तापास. दहा-साडेदहाला फ्लामेंको किंवा कुठलं तरी छोटं संगीत. बारानंतर 'कोपास', म्हणजे उंच ग्लासातली मिश्र पेयं, आता सोबत बशी येत नाही. काय्ये एल्विरा आणि तिच्या आजूबाजूला जुन्या धाटणीचे, रॉक आणि जॅझचे बार आहेत. पेद्रो आन्तोनिओ दे आलार्कोन हा विद्यार्थ्यांचा रस्ता, गुरुवारी रात्री तुडुंब. डिस्कोथेकमध्ये दोनच्या आधी गेलात तर रिकामी जमीन दिसेल. पहाटे बाहेर पडल्यावर चुरोस, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, आणि दाट चॉकलेट.

बाटली घेऊन रस्त्यावर किंवा मिरादोरवर पीत बसू नका. अंदालुसियात त्यावर बंदी आहे आणि दंड होतो. बायकांना एकट्याने फिरायला खालचं शहर मला कायम सुरक्षित वाटलं, कारण एक-दोनपर्यंत रस्त्यावर कुटुंबं असतात. पण मध्यरात्रीनंतर आल्बाइसिनच्या वरच्या गल्ल्या आणि साक्रोमोन्तेचा रस्ता एकदम ओस पडतो. तिथून टॅक्सीने या. अडचणीत ११२.

१०. कॅथेड्रलपाशी

कॅथेड्रल आणि कापिया रेआल हे राजघराण्याचं चॅपेल, जिथे इसाबेल आणि फेर्नान्दो पुरलेले आहेत, त्यांच्या दाराशी काही बायका रोजमेरीची काडी हातात देऊ बघतात. काडी घेतली की हात बघून भविष्य, आणि मग पैशांचा आग्रह. हात मागे घ्या, 'नो, ग्रासियास' म्हणा आणि चालत राहा, थांबून समजावत बसू नका.

तिथेच शेजारी आल्कायसेरिया, मुस्लिम राजवटीतल्या रेशमी बाजाराची जागा. जुना बाजार १८४३ च्या आगीत जळाला, आताच्या गल्ल्या नंतर बांधलेल्या. इथल्या बऱ्याच वस्तू ग्रानादात बनलेल्या नसतात. खरी स्थानिक कला हवी असेल तर लाकडात हाडाचे-लाकडाचे तुकडे बसवलेली 'तारासेआ' आणि फाखालाउसाची निळी-हिरवी मातीची भांडी बघा, त्यावर शहराचं चिन्ह असलेलं डाळिंब रंगवलेलं असतं. कारागिराच्या दुकानात तो काम करताना दिसतो, तिथूनच घ्या.

पिओनोनो मात्र घरी न्यायचा बेत करू नका. पोप नवव्या पायसच्या नावाचा हा पाकात भिजवलेला, वर भाजलेल्या क्रीमचा छोटा केक शेजारच्या सान्ता फे गावचा. त्याच गावात १७ एप्रिल १४९२ ला कोलंबसाने आशियाच्या वाटेवर निघण्याचा करार राजा-राणीबरोबर केला. गाव बसने अर्ध्या तासाच्या आत येतं. केक दोन घासांचा असतो आणि लवकर खराब होतो, म्हणून शेवटच्या दुपारी कॉफीसोबत तिथेच खा.